कुडपणचा दर्यावाला

माझा भाऊ महिपती शेलार काचेच्या टाकीतल्या समुद्राची निगा राखतो. पोलादपुरात कुणाला हे सांगितलं की आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग हसतात. हसोत बापडे. अंगणवाडीत मी रोज वीस-बावीस पोरांना हात धुवायला शिकवते, तेव्हा समजावून सांगायची मला सवय आहे. टाकीत खारं पाणी असतं, वर निळसर दिवा असतो, आत खडक असतात आणि खडकांवर मऊ जातीची पोवळी फुललेली असतात. ती फुलं दिसतात, पण प्राणी असतात. त्यांच्याभोवती मासे, शंख आणि काय काय. खडकाच्या भोकांत लपून न बोलावलेले पाहुणेही येतात आणि एकेक करून सगळी टाकी खाऊन टाकतात. असा पाहुणा ओळखायचा आणि बाकी कुणाला धक्का न लावता बाहेर काढायचा, हे महिपतीचं काम. डोंगरावरच्या ज्या कुडपणात पावसाळ्यात समोरचा माणूस धुक्यात दिसत नाही, त्या कुडपणचा माणूस हे काम करतो, याचा मला गर्व आहे. आहे तर आहे.

दहावी झाल्यावर तो मुंबईला गेला तो माशांच्या टाक्या विकणाऱ्या एका दुकानात. सुरुवातीची वर्षं बादल्या उचलण्यात आणि काचा घासण्यात गेली. मिठाच्या पाण्याने त्याच्या बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या. गणपतीला घरी आला की मी त्या भेगांना खोबरेल लावायची, आणि तो मला समुद्रातल्या किड्यांची नावं सांगत बसायचा. ती नावं इंग्रजी, त्याचे उच्चार कुडपणचे, आणि आव असा की जणू दुकान ह्याच्याच खांद्यावर उभं आहे. माझ्या भावात सगळं आहे, फक्त नम्रपणा नाही. लहानपणी ओढ्यावर एक मासा धरला तरी गावभर मिरवून यायचा आणि तोवर मासा वाळून जायचा.

पण काम तो शिकला. शेवटी शेवटी मोठ्या बंगल्यांतल्या टाक्या मालक त्याच्यावर सोपवून निर्धास्त झोपायचे. मग मागच्या उन्हाळ्यात तो घरी आला आणि म्हणाला, "ताय, आता मी हितंच राहनार."

कारण सांगितलं धंद्याचं. महाड, माणगाव, खेड या बाजूला हल्ली हॉटेलांत, दवाखान्यांत, घरांत अशा टाक्या आल्या आहेत आणि काही बिघडलं की सगळे मुंबईच्या माणसाची वाट बघतात. खरं कारण मला माहीत होतं. आई गेल्यापासून आबा, म्हणजे आमचे वडील कुशाबा, वर कुडपणला एकटे आहेत. मी पोलादपुरात संसार घेऊन बसलेली, आणि आबा डोंगर सोडून खाली यायला तयार नाहीत. हे महिपती कधी तोंडाने बोलायचा नाही. आबाही "राहा" म्हणायचे नाहीत. दोघांचीही जीभ अशा वेळी टाळ्याला चिकटते.

दुकानाच्या मालकाने त्याची जागा गणपतीपर्यंत राखून ठेवली होती. तोवर इथे पुरेसं काम लागलं तर ठीक. नाहीतर विसर्जनानंतर गावच्या मुंबई मंडळाची गाडी चाकरमान्यांना घेऊन निघते, तिच्यात हाही बसणार. आषाढ उलटला तरी त्याच्याकडे एका दातांच्या डॉक्टरची छोटी टाकी तेवढी होती. आबा खाचरात उभे राहून मला विचारायचे, "म्हायपतचा काय ठरला?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा वाकायचे.

म्हणून मीच मग शब्द टाकला. तुडीलच्या आनंदीबाई माझ्या सासूबाईंच्या मावसबहीण. त्यांचा मुलगा राजेश महाडात गांधारीच्या बाजूला राहतो. त्याच्या घरात, पुराचं पाणी चढणार नाही अशा वरच्या मजल्यावर, दाराएवढी लांब टाकी आहे. तिच्यातली सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे शर्टाच्या बटणाएवढ्या फुलांचे गालिचे, हिरव्या काठाची, केशरी गाभ्याची, शेकड्यांनी. ती फुलं मिटू लागली होती. मिटायची, वाळायची आणि जागा मोकळी दिसायची. हायवेवर राजेशचं नवं हॉटेल उभं राहत होतं आणि तिथे याहून मोठी टाकी बसवायची होती. तो सरळ माणूस आहे, सरळच बोलला. "महिपती, ही फुलं वाचव. मग हॉटेलची टाकीही तुझी, आणि खेड-माणगावच्या माझ्या मित्रांकडेही मीच तुझं नाव सांगेन."

इथवर सगळं छान होतं. मग आतून आनंदीबाई आल्या.

"काय काढायचा तो काढ रे बाबा," त्या म्हणाल्या, "पन श्रावन लागलाय. माझ्या घरात श्रावनात जीव मारायचा नाय. किडा असो नायतर मुंगी."

महिपती हसायला लागला. मावशी हसल्या नाहीत. त्यांच्या घरात श्रावणात सुकटीचा वासही फिरकत नाही, माशांचा खाऊसुद्धा गच्चीवर वेगळ्या डब्यात असतो. महिपती म्हणाला, "मावशी, अवो, ह्यात डायरेक्ट औषध टाकायचं असतं. किडा मारल्याबिगर कसा जानार?"

"जाईल. आला तसा जाईल. तू हुशार हायस ना?"

हुशार म्हटल्यावर माझा भाऊ संपला. म्हणाला, जिवंत काढून दाखवतो.

तो टाकीपुढे थोडा वेळ बसला आणि त्याला एक खेकडा दिसला. सुपारीएवढा, शेवाळी रंगाचा, नेमका त्या फुलांच्या गालिच्याच्या कडेला बसलेला आणि नांग्यांनी काहीतरी तोंडात घालणारा. राजेशने असा खेकडा कधी आणला नव्हता. म्हणजे खडकातून लपूनच आलेला. महिपतीने मान हलवली. "सापडला."

त्याला सापडला याचं मला जराही नवल वाटलं नाही. आम्ही कुडपणची माणसं. आमच्याकडे खेकडा म्हणजे चोरच. तो खाचराच्या बांधात बीळ पाडतो आणि दिवसभर अडवलेलं पाणी निघून जातं, लावणी उघडी पडते. आबांचा तर नियमच आहे, बांधावर खेकडा दिसला की आधी काढायचा आणि मग पाणी कुठून गेलं ते बघायचं. आम्ही दोघं भावंडं चालायला लागलो तेव्हापासून हेच करत आलोय. तेव्हा टाकीत चोरी झाली, टाकीत खेकडा आहे, मग दुसरा कोण असणार?

त्याला धरायची युक्ती मात्र झकास होती. महिपतीने मावशींकडून काचेचा एक पेला मागून घेतला, तळाशी माशांच्या खाऊची गोळी टाकली आणि खडकाला तिरका टेकवून ठेवला. खेकडा वासाने आत उतरला आणि गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येईना. सकाळी तो पेल्यात बसलेला, मोठ्या रागाने. मावशींनी टाळी वाजवली आणि पेला पुन्हा आपल्या मांडणीत ठेवायचा नाही असंही बजावलं. टाकीतलंच पाणी एका बादलीत घेऊन, हवेची नळी सोडून, खेकड्याला गॅलरीत ठेवलं. श्रावण संपला की बघू, असं ठरलं.

पोलादपूरच्या स्टँडवरच्या चहावाल्यापर्यंत ही कथा त्या दिवशी संध्याकाळीच पोचली. सांगणारा तोच. आबांनाही त्याने फोन करून सांगितलं. आबा म्हणाले, "खेकडाच आसनार. मी बोल्लो व्हतो." खरं म्हणजे ते काहीच बोलले नव्हते, पण त्यांचा आवाज खूष होता आणि मला तेवढं पुरे होतं.

आठवडाभराने राजेशचा फोन आला. फुलं अजून जात होती. उलट नवंच लचांड मागे लागलं होतं, खडकांवर हिरव्या फोडांसारखं शेवाळ टरारून उठलं होतं. राजेशच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच लागलं. रागावला असता तर मी उलट बोलले असते. तो म्हणाला, "वहिनी, महिपती मेहनती आहे, माझं काही म्हणणं नाही. पण फुलं फार थोडी राहिलीत. मुंबईहून माणूस बोलावू का, एवढं त्याला विचारून घ्या."

मी विचारलं. महिपती माझ्या ओटीवर बसला होता. त्याने ताट सरकवलं आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "बोलाव म्हनावं. माझंपन तिकीट मंडळाच्या गाडीत काढून ठेव."

मला असा संताप आला की हातातली पळी मी ठाणकन ठेवली. माणूस चुकतो तेव्हा त्याला धीर द्यावा म्हणतात. मला ते जमत नाही.

"त्या खेकड्याला फूल खाताना बघितलंस तू?"

"तिथंच बसलेला."

"मीपन तिथंच बसलेली. मलापन बादलीत टाक."

तो भिंतीवरची नजर काढून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "आबांचा बांध हितं आनू नको. बांधावर दुसरा चोर नसतो, म्हनून खेकडा. टाकीत किती जाती हायत ते तूच मला सांगत असतोस की सारखा."

तो उठला, हात धुतला आणि पायात चपला अडकवून निघाला. जेवण तसंच राहिलं. मी त्याच्या मागोमाग महाडची गाडी पकडली, कारण शब्द मी टाकला होता आणि तो बुडताना मला समोर उभं राहायचं होतं.

आधी तो गॅलरीत गेला. टाकीतलं फोडासारखं शेवाळ थोडं तोडून बादलीत टाकलं आणि एक गळून पडलेलं फूलही टाकलं, हातमोजे घालून, कारण त्या फुलांत विष असतं. दोन्ही खेकड्यासमोर वाढून ठेवलं आणि आम्ही बघत बसलो. खेकड्याने फुलाकडे ढुंकून बघितलं नाही. शेवाळाचा फोड मात्र नांगीत धरला आणि कुरतडायला लागला, श्रावणातला उपास सोडायला बसल्यासारखा. महिपतीचा चेहरा उतरला. "ताय, हा साफसफाईवाला हाय. शेवाळ खाऊन टाकी राखत व्हता. मी राखनदारालाच धरला."

आपली चूक एवढ्या सरळ त्याने आजवर कधी कबूल केली नव्हती. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

"मग चोर कोन?" मी विचारलं.

तो टाकीपुढे मांडी घालून बसला. भिंगातून बघत राहिला. मावशी बाजूला जपमाळ घेऊन बसल्या होत्या. राजेश हॉटेलवर गेलेला. बाहेर पाऊस पडत होता आणि आत पंपाचा बारीक आवाज. बराच वेळ काही झालं नाही. मग महिपती आपल्याशीच पुटपुटला, "लाजाळू." कुडपणच्या वाटेवर लाजाळूचे ताटवे आहेत. शाळेतून येताना आम्ही त्यांच्यावर फुंकर घालत यायचो, आणि ते मिटत जायचे.

त्याने पिचकारी घेतली. पाण्यात बुडवून एकेका फुलावर हलकी फुंकर सोडली. फूल चटकन मिटायचं. दुसरं मिटायचं, तिसरं मिटायचं. तो ओळीने पुढे सरकत गेला, आणि एका फुलावर पाणी सोडलं तेव्हा ते मिटलं नाही. पुन्हा सोडलं. ते मिटलं नाहीच, जरा आखडलं आणि खडकाला घट्ट चिकटलं. हिरवा काठ, केशरी गाभा, सगळं तंतोतंत फुलासारखं. महिपतीने तिसऱ्यांदा जोरात फुंकर मारली तेव्हा ते फूल खडकावरून सुटलं आणि पाण्यात वळवळत तरंगू लागलं.

"चोर!" तो असा ओरडला की मावशींच्या हातून माळ पडली.

ती गोगलगाय होती, समुद्रातली, बिनशंखाची. ज्या फुलांवर जगते त्यांचाच रंग अंगावर घेते, म्हणून शेजारी बसून खात असली तरी दिसत नाही. महिपतीने तिची चित्रं मुंबईत पाहिली होती, समोर कधी आली नव्हती. आता एक सापडल्यावर त्याची नजर बसली. पिचकारी मारायची, मिटलं तर फूल, नाही मिटलं तर पाहुणी. फुलांचा एकेक दगड बाहेर काढून टाकीच्याच पाण्याच्या परातीत धरायचा, पाहुण्या उडवायच्या आणि वाटीत गोळा करायच्या. फुलांच्या देठापाशी त्यांच्या अंड्यांच्या बारीक गुंडाळ्या चिकटलेल्या, त्या जुन्या दात घासायच्या ब्रशने खरवडायच्या. ब्रश बघून मी मावशींकडे पाहिलं. अंडी म्हणजे जीव की नाही? मावशींनी तोंड भिंतीकडे फिरवलं, डोळे मिटले आणि मोठमोठ्याने नामस्मरण सुरू केलं. ब्रशचं काम होईपर्यंत ते थांबलं नाही.

वाटीतल्या गोगलगाईंचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. मावशी म्हणाल्या, "तुडीलला खाडीत सोडून दे. खारंच पानी हाय."

महिपती एकदम उसळला. "नाय मावशी. परक्या पान्यातला जीव आपल्या सावित्रीत सोडायचा नाय. राजेशदादाच्या टाकीची घान मी नदीला देनार नाय. माझं काम गेलं तरी चालंल."

मावशींशी त्या घरात असं कोणी बोलत नाही. मी जीभ चावली. मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरा बोल्लास. पन उपाशी ठेवून मारलास तरी मारलंसच." त्यामुळे राजेश संध्याकाळी आला तेव्हा त्याला एक फुलांचा दगड चोरांसाठी वेगळ्या बरणीत द्यावा लागला. तो कपाळाला हात लावून हसला. "म्हणजे माझंच खाल्लं, आणि आता डबाही माझ्याकडूनच." श्रावण संपल्यावर त्या बरणीचं काय झालं, हे मावशींनी विचारलं नाही आणि महिपतीने सांगितलं नाही.

खेकड्याला त्याच दिवशी परत टाकीत सोडलं. मी भावाला म्हटलं, माफी माग. त्याने खरोखर हात जोडले. खेकडा खडकाखाली गेला आणि लगेच शेवाळाला लागला. मी तेव्हा मनात म्हटलं ते इथे लिहिते. श्रावण नसता, तर आमच्या बांधावरच्या रीतीने तो पहिल्याच दिवशी चपलेखाली गेला असता आणि आम्हाला आमची चूक कधी कळलीही नसती. महिपतीने ज्या अटीवर कुरकुर केली, तीच त्याला तारून गेली. हे तो आता स्वतः सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो. खेकडा निरपराध निघाला, हे सांगताना त्याचा आवाज चोर सापडला हे सांगताना चढतो त्याहून जास्त चढतो.

अंडी फुटतात, नव्या पाहुण्या निघतात. म्हणून महिपती दर दोन-तीन दिवसांनी महाडला जाऊन पुन्हा सगळ्या फुलांवर पिचकारी मारून यायचा. एकदा सगळी फुलं मिटली. पुढच्या खेपेलाही सगळी मिटली. त्याच्याही पुढच्या खेपेला राजेशने स्वतः पिचकारी मारून बघितली, सगळी मिटली, आणि थोड्या वेळाने पुन्हा सगळी उमलली. मोकळ्या पडलेल्या जागेच्या कडेने बारीक नवी फुलं धरली होती. राजेशने खिशातून घराची किल्ली काढून महिपतीच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "ही तुझ्याकडे असू दे. हॉटेलची टाकी कुठे ठेवायची ते उद्या येऊन सांग." नंतरच्या दिवसांत खेडहून फोन आला, माणगावहून आला. मी त्याला म्हटलं, जरा कमी फुशारक्या मार. तो म्हणाला, "का? खोटं हाय का काही?"

नव्हतंच खोटं.

आबांना मात्र त्याने यातलं काही सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी कुडपणला मुंबई मंडळाची गाडी लागली. दरवर्षीसारखीच गर्दी, तांदळाची गाठोडी, नाचणीच्या पिशव्या, पोरांची रडारड. आबा दरवर्षी महिपतीला सोडायला येतात आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच पाठ फिरवून घराकडे चालू लागतात. तोवर एकदाही त्यांनी गाडी जाताना बघितली नव्हती. या वेळीही ते आले, हातात त्याच्यासाठी बांधलेली नाचणीची पिशवी. महिपती खाली उभा राहून दुसऱ्यांची गाठोडी टपावर चढवत होता.

"तुझी बॅग कुटं हाय?" आबांनी विचारलं.

"घरात."

"गाडी सुटंल."

"सुटू दे, आबा. मला सकाळी महाडला जायचंय. हाटेलची टाकी लावायची हाय." थांबून तो म्हणाला, "आनि संध्याकाळी परत यायचंय."

आबांनी पिशवी खाली ठेवली. गाडी निघाली तेव्हा खिडकीतून सोमा शेलारने, आमच्याच वाडीतल्या म्हाताऱ्याने, हाक मारली, "कुशाबा, म्हायपत ऱ्हायला काय रं?"

आणि माझे आबा, ज्यांनी आयुष्यात कधी कुणासमोर लेकाचं कौतुक केलं नाही, ते धावत्या गाडीच्या बाजूने दोन पावलं चालत गेले आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असे ओरडले, "त्याला नाय जमायचं येवाला! महाडचा दर्या त्याच्याकडं हाय!"

मग ते तिथेच उभे राहिले, गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.